शांत रस्त्यांचा फ्रान्स

फ्रान्स म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या मनात प्रथम पॅरिस येते. मागोमाग राज्यक्रांती, नेपोलियन, चित्रकार आणि कादंबरीकार येतात. सायकलचा विषय निघालाच तर ‘तूर द फ्रान्स’ या जगद्विख्यात शर्यतीचे स्मरण होते. परंतु त्या शर्यतीच्या गजबजाटापासून दूर असा आणखी एक फ्रान्स आहे, आणि तो सायकलवरून सावकाश भटकणाऱ्या लोकांना चांगला परिचित आहे. बर्गंडीचे द्राक्षमळे, लिमुझँची कुरणे, पेर्श प्रांतातील झाडाझुडपांची कुंपणे आणि गॅस्कनीच्या लाटांसारख्या टेकड्या यांमधून अरुंद पण नीटनेटके डांबरी रस्ते वळणे घेत जातात. सकाळी निघालेल्या सायकलस्वाराला तासाभरात एखादी मोटार, एखादा ट्रॅक्टर, टपालाची पिवळी गाडी आणि कुंपणापलीकडून मान वर करून पाहणारी गुरे एवढेच भेटते. चढ येतो तो फार लांब नसतो. उतार संपतो तेथे एक ओढा, एक पूल आणि देवळाचा मनोरा असलेले एक लहानसे खेडे असते.

आपल्या देशाच्या अनुभवाशी हे चित्र जुळत नाही. जेथे रस्ता चांगला तेथे वर्दळ, आणि जेथे वर्दळ नाही तेथे पाणंद किंवा गाडीवाट, असाच आपला परिपाठ आहे. पक्का रस्ता आणि निवांतपणा यांचा योग फ्रान्समध्ये कसा जुळून आला, हा प्रश्न वरवर पाहता भटक्यांच्या हौसेचा वाटेल. वस्तुतः त्याचे उत्तर तीन शतकांच्या इतिहासात शोधावे लागते. त्या इतिहासात राजेशाहीची वेठ आहे, शेतकऱ्यांचे कष्ट आहेत, दोन महायुद्धे आहेत आणि खेड्यांचे रिते होणेही आहे.

फ्रान्समधील रस्तेबांधणीला राज्यकारभाराचे एक स्वतंत्र अंग मानण्याची प्रथा अठराव्या शतकात पडली. पूल व रस्ते यांच्या अभियंत्यांचे सरकारी पथक १७१६ मध्ये स्थापन झाले आणि १७४७ मध्ये त्यांच्या शिक्षणासाठी पॅरिस येथे विद्यालय निघाले. पॅरिसमधून सरहद्दींकडे जाणारे सरळ, रुंद, दुतर्फा झाडे लावलेले राजमार्ग हे या अभियंत्यांचे काम. ते प्रत्यक्ष घडविले मात्र शेतकऱ्यांनी, आणि तेही बिनमोबदला. रस्त्यालगतच्या गावांतील लोकांनी वर्षातील ठरावीक दिवस आपल्या बैलघोड्यांसह रस्त्यावर राबावे, असा दंडक होता. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणत त्याचाच तो फ्रेंच अवतार होय. सरदार आणि धर्मगुरू यांना ही वेठ नव्हती. ज्यांच्या गाड्या त्या रस्त्यांवरून धावत त्यांना तो बांधण्याचे कष्ट नव्हते, आणि जे बांधत त्यांना त्यावरून जाण्याचे फारसे प्रयोजन नव्हते.

लिमुझँ प्रांताचा सुभेदार असताना तुर्गो या विचारवंत प्रशासकाने ही वेठ बंद करून तिच्या जागी कर बसविला आणि मजुरी देऊन रस्ते करविले. त्याच प्रांतात त्रेझागे नावाच्या अभियंत्याने रस्त्याची नवी घडण शोधून काढली. तळाशी उभे रचलेले मोठे दगड, त्यावर लहान दगड आणि सर्वांत वर कठीण दगडाची बारीक खडी, असे त्याचे तीन थर असत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्ता एकदा बांधून सोडून देऊ नये, त्याची डागडुजी वर्षभर चालू ठेवावी आणि त्यासाठी कायमचे माणूस नेमावेत, हा आग्रह त्याने धरला. फ्रेंच मैलकुलीच्या परंपरेचे मूळ या आग्रहात आहे. तुर्गो अर्थमंत्री झाल्यावर १७७६ मध्ये त्याने देशभरची वेठ रद्द केली. पण त्याच वर्षी त्याला पदच्युत करण्यात आले आणि वेठ परत आली. ती कायमची गेली ती राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर.

१७८७ ते १७८९ या काळात आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ फ्रान्सभर हिंडला. तेथील राजमार्ग पाहून तो चकित झाला; मात्र त्याहून अधिक आश्चर्य त्याला त्यांवरील शुकशुकाटाचे वाटले. राजधानीच्या आसपाससुद्धा इतक्या थोड्या गाड्या भेटाव्यात, हे त्याला देशाच्या दारिद्र्याचे लक्षण वाटले. फ्रान्समधील शांत रस्त्याची ही पहिली नोंद म्हणता येईल. त्या शांततेचा अर्थ इतकाच होता की, रस्ता राजासाठी बांधलेला होता आणि प्रजेपाशी त्यावरून वाहून नेण्यासारखे काही नव्हते.

आजचा सायकलस्वार ज्या अरुंद रस्त्यांवर रमतो ते हे राजमार्ग नव्हेत. ते घडले एकोणिसाव्या शतकात, आणि त्यांचा पाया घातला २१ मे १८३६ च्या कायद्याने. गावागावांना जोडणारे रस्ते राखणे ही या कायद्याने प्रत्येक गावाची सक्तीची जबाबदारी ठरली. गावापाशी पैसा अपुरा असेल तर प्रत्येक करदात्याकडून, त्याच्या घरातील धडधाकट पुरुषांमागे, गाडीमागे आणि ओढीच्या जनावरामागे वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम मागता येई. ज्याला काम करावयाचे नसेल त्याने तितके पैसे भरावेत. वेठीची आठवण करून देणारीच ही योजना होती. तथापि दोहोंत एक मोठा भेद होता. आता शेतकरी ज्या रस्त्यावर राबत होता तो त्याच्याच गावाचा, त्याच्याच बाजाराला जाणारा रस्ता होता. गाव दिरंगाई करू लागले तर देपार्तमाँचा प्रमुख अधिकारी, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखा प्रीफेक्ट, काम करवून घेई.

पुढील ऐंशी वर्षांत या रस्त्यांचे जाळे देशभर पसरले. त्यांवरून धान्य आणि गुरे बाजाराला जाऊ लागली, चुन्यासारखी खते शेतापर्यंत येऊ लागली, टपालवाला दारी येऊ लागला आणि मुले शाळेला जाऊ लागली. निरनिराळ्या बोली बोलणारे, आपल्या खोऱ्यापलीकडचे जग न पाहिलेले शेतकरी ‘फ्रेंच’ कसे झाले याची मीमांसा इतिहासकार यूजेन वेबर याने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली आहे. शाळा आणि लष्करभरती यांच्या जोडीने त्याने रस्त्यांना अग्रस्थान दिले आहे. आज फ्रान्समधील रस्त्यांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरांहून अधिक भरते. तीत द्रुतगती मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग यांचा वाटा अगदी अल्प असून, जवळजवळ सर्व जाळे देपार्तमाँच्या आणि गावांच्या रस्त्यांचेच आहे. नकाशावर ते एखाद्या पानावरील शिरांसारखे दिसते.

हे रस्ते तयार होत असतानाच सायकलचा जन्म झाला. पुढच्या चाकाला पायटे जोडलेले लाकडी-लोखंडी ‘वेलोसिपेद’ १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये लोकप्रिय झाले. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआँ अशी शर्यतही झाली. परंतु दूरच्या भटकंतीस योग्य अशी सायकल त्यानंतर आली. समान चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये निघाली, हवेचे रबरी टायर १८८८ मध्ये आले, आणि काढता-घालता येण्याजोगा टायर मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये बाजारात आणला. त्याच वर्षी पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्त शहरापर्यंत आणि परत, अशी सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत झाली, आणि माणूस स्वतःच्या पायांच्या बळावर किती दूर जाऊ शकतो याची लोकांना प्रथमच नीट कल्पना आली. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ने वाटांची माहिती छापली, धोक्याच्या वळणांवर पाट्या लावल्या आणि खेड्यांतील खाणावळींच्या खोल्या व शौचकूप स्वच्छ असावेत म्हणून चळवळ केली. सरकारला या नव्या वाहनाची दखल घेण्यास वेळ लागला नाही. १८९३ मध्ये सायकलीवर वार्षिक कर बसला.

सायकलवरील शांत भ्रमंतीला तत्त्वज्ञानाची बैठक दिली ती पॉल द व्हिव्ही याने. त्याचा जन्म १८५३ मध्ये प्रोव्हाँस भागातील पेर्न या गावी झाला. सेंत-एत्येन या रेशमी फिती आणि बंदुका बनविणाऱ्या औद्योगिक शहरात तो रेशमाचा व्यापार करीत असे. सायकलचा नाद लागल्यावर त्याने १८८७ मध्ये सायकलींचे दुकान काढले आणि त्याच वर्षी एक नियतकालिकही सुरू केले. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने तो त्यात लिही. सेंत-एत्येनच्या वेशीपासूनच १,१६१ मीटर उंचीचा एक घाट सुरू होतो. या घाटावर तो वारंवार चढे आणि नव्या यंत्ररचनांची परीक्षा घेई. एकाच गिअरच्या सायकलीने चढउतारांचा मुलूख सुखाने पार करता येत नाही, चढाला हलका आणि सपाटीला जड असा गिअर बदलता आला पाहिजे, हे त्याचे आग्रही प्रतिपादन होते. त्यासाठी त्याने दोन साखळ्यांच्या सायकलीपासून अनेक प्रयोग केले.

शर्यतींचे पुरस्कर्ते या मताच्या विरुद्ध होते. १९०३ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर बदलणे हा उतारवयातील लोकांचा आधार होता. तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. १९०२ मध्ये तूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाटावर सायकलींची चाचणी घेतली. तीत मार्त हेस ही तरुणी तीन गिअरच्या सायकलीवरून पाय न टेकविता घाट चढून गेली, असे सांगितले जाते. तरीही ‘तूर द फ्रान्स’मध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्राला परवानगी मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तोवर सामान्य भटक्या सायकलस्वाराने ते कधीच आपलेसे केले होते. आज घाट चढणारा प्रत्येक शर्यतपटू ज्या यंत्रावर विसंबतो ते मुळात सहलीला निघालेल्या मध्यमवयीन माणसांनी लोकप्रिय केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

व्हेलोसियोची शिकवण साधी होती. दमण्यापूर्वी विसावा घ्यावा, भूक लागण्यापूर्वी खावे, मद्य आणि मांस टाळावे, आणि केवळ दिमाखासाठी सायकल कधी हाणू नये. तो स्वतः शाकाहारी होता. सेंत-एत्येनच्या धुराड्यांतून रात्रीच निघावे, ऱ्होन नदीच्या खोऱ्याने उतरत जावे आणि दिवस वर येईतो प्रोव्हाँसच्या उन्हात पोहोचावे, हा त्याचा आवडता प्रवास असे. कारखान्यातील माणसाला आठवड्यातून एक दिवस का होईना, मोकळी हवा आणि मोकळा रस्ता लाभावा, अशी त्याची तळमळ होती. १९३० मध्ये ट्रॅमच्या धक्क्याने त्याचा अंत झाला. ज्याने आयुष्यभर वर्दळीबाहेरच्या वाटा दाखविल्या त्याला शहराच्या वर्दळीनेच गाठले.

वाट दाखविण्याचे काम पुढे नकाशांनी केले. १९१० पासून मिशलँ कंपनीने सबंध फ्रान्सचे दोन लाखांस एक या प्रमाणाचे नकाशे काढण्यास आरंभ केला. ते मोटारवाल्यांसाठी होते, कारण मोटारी फिरल्या तर टायर खपणार होते. त्यांत मोठे रस्ते तांबडे, मधले पिवळे आणि गावरस्ते पांढरे दाखविलेले असत. सायकलस्वारांनी या नकाशांचा उलटा उपयोग केला. तांबडी रेघ टाळावी आणि पांढरी धरावी, हा त्यांचा नियम झाला, आणि तो अद्याप चालू आहे.

मात्र या पांढऱ्या रेघांवरचे जीवन त्याच सुमारास बदलू लागले होते. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक कामी आले, आणि त्यांत शेतकऱ्यांचा भरणा फार मोठा होता. आज कोणत्याही लहान खेड्याच्या चौकात सायकल थांबविली तर तेथे एक स्मृतिस्तंभ दिसतो. पंधरावीस घरांच्या वाडीत पंचवीस नावे कोरलेली असतात. एकाच आडनावाची तीनतीन नावे असतात. जे वाचले त्यांतील पुष्कळांनी शहराची वाट धरली. १९३१ च्या जनगणनेत फ्रान्सची नागरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येहून अधिक भरली. ज्या रस्त्याने बाजार आणि शाळा खेड्यात आणली होती त्याच रस्त्याने खेड्यातील माणसे बाहेर जाऊ लागली.

शहरात गेलेल्या माणसांना खेड्याकडे परत आणण्याचे काम, थोड्या दिवसांपुरते का होईना, सायकलने केले. मार्क सांन्ये यांनी १९२९ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेस फ्रान्समधील पहिले युवक विश्रामगृह उघडले. जून १९३६ मध्ये लोकआघाडीच्या सरकारने सर्व कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा संमत केला. क्रीडा व विरंगुळा या खात्याचे तरुण उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली, आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी तिचा लाभ घेतला. ज्यांना ते भाडेही जड होते ते सायकलीवरून निघाले. दोघांच्या सायकलीवर पुढे नवरा, मागे बायको, कॅरिअरला तंबू आणि स्वयंपाकाची भांडी, अशी त्या उन्हाळ्याची छायाचित्रे फ्रान्समध्ये आजही घराघरांत ओळखीची आहेत. ज्यांच्या आजोबांनी वर्षाचे तीन दिवस खपून रस्ते केले त्यांच्या नातवांना प्रथमच त्यांवरून निव्वळ आनंदासाठी जाता आले.

हे सुख चार वर्षेच टिकले. १९४० मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला आणि पेट्रोल दुर्मिळ झाले. रस्त्यांवर पुन्हा शुकशुकाट पसरला. या काळात सायकल हे निर्वाहाचे साधन होते. शहरातील माणसे तीवरून खेड्यात जाऊन बटाटे आणि अंडी आणीत. प्रतिकार चळवळीचे निरोपे, त्यांत कितीतरी तरुण मुली, तीवरूनच चिठ्ठ्या पोहोचवीत. लाग्रांज स्वतः जून १९४० मध्ये रणांगणावर मारले गेले.

युद्धानंतरच्या तीस वर्षांत आजची शांतता आकारास आली. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २३ लाख शेतीघटक होते. २०२० च्या कृषिगणनेत ते चार लाखांच्या आसपास उरले. एका ट्रॅक्टरने अनेक कुटुंबांचे काम केले आणि ती कुटुंबे शहरांत गेली. दुसरीकडे मोटारींची संख्या वाढत गेली, पण त्यांच्यासाठी द्रुतगती मार्ग बांधले गेले, आणि त्यांची लांबी आता अकरा हजार किलोमीटरांहून अधिक आहे. लांब पल्ल्याची रहदारी तिकडे वळली. रस्ते राखण्याची गावांची जुनी सवय मात्र सुटली नाही. अशा रीतीने, वापरणारे घटले आणि रस्ता उत्तम राहिला. १८७९ च्या योजनेनुसार आडबाजूच्या तालुक्यांपर्यंत नेलेले लहान लोहमार्गही प्रवाशांअभावी बंद पडले. त्यांपैकी बर्गंडीतील जिव्ह्री ते क्लुनी या मार्गावर रूळ उखडून १९९७ मध्ये पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी ‘हिरवी वाट’ उघडण्यात आली. या प्रकारची फ्रान्समधील ही पहिली वाट होय. लोआर नदीच्या काठाने आणि जुन्या कालव्यांच्या बांधांवरून जाणाऱ्या अशाच वाटा पुढे झाल्या.

म्हणजे ज्या निवांतपणासाठी दूरदूरचे लोक आज फ्रान्सच्या ग्रामीण भागात येतात त्याची किंमत कोणी तरी मोजलेली आहे. ईशान्येकडील म्यूझपासून नैर्ऋत्येकडील लांदपर्यंतच्या विरळ वस्तीच्या पट्ट्याला फ्रेंच भूगोलज्ञांनी ‘रिक्ततेचा कर्ण’ असे नाव दिले. त्या पट्ट्यातील खेड्यात सायकलस्वाराला पाण्याचा नळ सापडतो, सावली सापडते. पण पावाचे दुकान बंद असते, शाळेच्या इमारतीत शाळा नसते आणि डॉक्टर वीस किलोमीटरांवर असतो. पाहुण्याला जी शांतता वाटते ती तेथील वृद्धेला एकटेपण वाटते. २०१८ च्या हिवाळ्यात इंधनावरील वाढत्या कराविरुद्ध पिवळी जाकिटे घालून लोक चौकाचौकांत उभे राहिले तेव्हा ही गोष्ट साऱ्या जगाला दिसली. ज्यांच्या गावात दुकान, दवाखाना आणि आगगाडी उरलेली नाही त्यांच्यासाठी मोटार ही चैन नव्हती. त्याच वर्षीच्या जुलैत दुय्यम रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० किलोमीटर करण्यात आली होती, आणि तिलाही ग्रामीण भागात कडवा विरोध झाला. सायकलस्वाराला हवा असलेला संथ रस्ता आणि तेथील रहिवाशाला हवा असलेला वेगाचा रस्ता, हा तंटा अजून मिटलेला नाही.

तरी या दोहोंची गाठ कधी कधी चांगल्या प्रकारेही पडते. १८९१ ची ‘पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस’ आता शर्यत राहिलेली नसून, दर चार वर्षांनी होणारी हौशी लोकांची दीर्घ सहल झाली आहे. सुमारे १२०० किलोमीटर अंतर नव्वद तासांच्या आत पार करावयाचे असते, आणि ते सारे पेर्श, नॉर्मंडी व ब्रिटनी यांच्या चढउतारांतून. अलीकडील वर्षांत तीत भारतातूनही मोठ्या संख्येने सायकलस्वार जातात, आणि त्यांत पुणे, मुंबई, नाशिक येथील मराठी मंडळीही असतात. मध्यरात्री एखाद्या वाडीतून जाताना त्यांना रस्त्याकडेला टेबल मांडून बसलेले एखादे कुटुंब दिसते. टेबलावर कॉफी, पाणी आणि घरी केलेला केक असतो. पैसे देऊ केले तर घेतले जात नाहीत. आपल्या वारीच्या वाटेवर गावोगावी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहणाऱ्या लोकांची आठवण मराठी माणसाला तेथे झाल्यावाचून राहत नाही. चार वर्षांतून एकदा त्या खेड्याच्या दारावरून जग जाते, आणि खेडे त्याचे स्वागत करते.

भारतात २००० साली सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेने लाखो किलोमीटरांचे रस्ते खेड्यांच्या दारी नेले. फ्रान्सने जे काम १८३६ नंतर केले ते आपल्याकडे आता होत आहे. त्या देशाचा इतिहास अशा वेळी दोन गोष्टी सांगतो. एक, रस्ता बांधण्याइतकेच तो राखणे महत्त्वाचे; त्रेझागेचा मैलकुली नसता तर तुर्गोची खडी केव्हाच वाहून गेली असती. दुसरी, रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. त्यावरून शाळा, दवाखाना आणि बाजार गावात येतात, आणि पाठोपाठ त्यांना तेथे टिकवून धरले नाही तर त्याच रस्त्याने गाव निघून जाते. फ्रान्सच्या सुंदर, रिकाम्या टेकड्यांतून सायकल चालविणाऱ्याने ती शांतता मनमुराद उपभोगावी. पण वाटेतल्या एखाद्या उघड्या दुकानासमोर सायकल टेकवून पाव विकत घ्यावा आणि दुकानदाराशी चार शब्द बोलावेत. त्या रस्त्याचे एवढे देणे तो लागतो.